रिंगणातलं मूल

कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या कुठल्याही वाचणाऱ्या माणसापुढे चिं. त्र्यं. खानोलकरांचं नाव काढा, तो लगेच ‘कोंडुरा’वर येतो. वेंगुर्ल्याजवळचा तो किनारा, १९६६ची ती कादंबरी, तिच्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७८मध्ये काढलेला चित्रपट. कवितेची आवड असलेला माणूस ‘आरती प्रभू’ एवढंच म्हणतो आणि थोडा वेळ गप्प बसतो. हा लेखक कुडाळात खाणावळ चालवत होता आणि ती चालवता चालवता कविता लिहीत होता, हे तर आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण याच खानोलकरांनी एक चिनी गोष्ट मराठी रंगभूमीवर आणली असं सांगितलं, की समोरचा भुवया उंचावतो. खानोलकर आणि चीन? बागलांच्या राईत जन्मलेल्या, कोकणातली भुतंखेतं, देवचार आणि माणसांच्या मनातला अंधार लिहिणाऱ्या माणसाचा चीनशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो थोडा लांबून येतो. नाटकाचं नाव ‘अजब न्याय वर्तुळाचा’. विजया मेहता यांनी ते बसवलं. पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ त्यांच्यासोबत होते. खानोलकरांनी ज्याचं मराठी केलं ते नाटक जर्मन, बर्टोल्ट ब्रेख्तचं. पण ब्रेख्तने ती गोष्ट ज्या घरातून उचलली ते घर चीनचं होतं.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. हे नाटक पहिल्यांदा बी.एड. करत असताना वाचलं होतं, परीक्षेच्या धाकात, त्यामुळे डोक्यात फारसं राहिलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं ते गेल्या पावसाळ्यात. तेव्हा आमच्या घरात हाच मामला दारापर्यंत येऊन उभा होता. तो पुढे सांगूच. आधी गोष्ट.

मूळ नाटक युआन राजवटीच्या काळातलं, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातलं. लेखकाचं नाव ली शिंगदाओ. हाइतांग नावाची एक गरीब घरची मुलगी. दारिद्र्यामुळे तिला नको त्या धंद्यात जावं लागतं, आणि तिथून एक श्रीमंत माणूस तिला दुसरी बायको करून घरी आणतो. तिला मुलगा होतो. थोरली बायको एका कारकुनाशी संधान बांधून नवऱ्याला विष घालते, आळ हाइतांगवर टाकते, आणि इस्टेट मुलाच्या नावावर जाणार म्हणून ‘मूल माझंच’ असा दावा लावते. शेजारणी आणि सुइणी पैसे खाऊन खोटी साक्ष देतात. खालच्या कचेरीत हाइतांगला मारून मारून कबुली घेतली जाते. शेवटी प्रकरण बाओ झेंगपुढे येतं. हा बाओ झेंग खराखुरा माणूस, ९९९ ते १०६२ या काळातला सरकारी अधिकारी. तो इतका सचोटीचा होता की चिनी लोकांनी त्याच्या नावावर न्यायाच्या शेकडो गोष्टी रचल्या. तो कचेरीच्या फरशीवर चुन्याचं रिंगण काढायला लावतो, मूल मधोमध उभं करतो आणि दोघींना सांगतो, एकेक हात धरा आणि ओढा; जी बाहेर काढील तिचं मूल. थोरली ओढून काढते. हाइतांग हात सोडून देते. पुन्हा ओढायला लावलं तरी पुन्हा सोडते. एवढासा कोवळा हात, तो मोडेल, म्हणून. निकाल अर्थातच तिच्या बाजूने लागतो.

सातवीच्या मुलांना आम्ही ही गोष्ट सांगितली. बाहेर धो-धो पाऊस होता, वर्गात कोंदट अंधार आणि ओल्या छत्र्यांचा वास. चिनी रंगभूमीवर हा न्यायाधीश काळ्या रंगवलेल्या चेहऱ्याने येतो आणि त्याच्या कपाळावर पांढरी चंद्रकोर असते, असं सांगितल्याबरोबर मागच्या बाकावरचा एकजण उठला. “टीचर, चाँद? म्हणजे तो मुसलमान होता?” नाही रे बाबा, म्हटलं. वर्ग हसला. पण पुढच्याच क्षणी दोन-तीन मुली एकदम बोलल्या, “टीचर, ही गोष्ट आम्हाला माहीत आहे. ही तर सुलैमान अलैहिस्सलामांची आहे.”

बरोबर होतं त्यांचं. मदरशात ऐकलेली गोष्ट त्यांनी रिंगणातही ओळखली. बुखारी शरीफमध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली ती हदीस बहुतेक घरांत ठाऊक आहे. दोन बाया, दोघींची दोन मुलं. लांडगा येतो आणि एकीचं मूल घेऊन जातो. उरलेलं मूल माझं, असं दोघी म्हणतात. हजरत दाऊद (अलै.) मोठीच्या बाजूने निकाल देतात. वाटेत हजरत सुलैमान (अलै.) भेटतात आणि म्हणतात, सुरी आणा, मुलाचे दोन भाग करून दोघींना देतो. धाकटी म्हणते, नको, अल्लाह तुमच्यावर रहम करो, मूल तिचंच आहे. आणि मूल धाकटीला मिळतं.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला या हदीसचा शेवट फार आवडावा असा आहे. अबू हुरैरा (रजि.) पुढे म्हणतात की सुरीला ‘सिक्कीन’ म्हणतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आम्ही तर ‘मुदया’ म्हणायचो. चौदाशे वर्षांपूर्वीचा एक माणूस एवढ्या मोठ्या न्यायाची गोष्ट सांगताना मध्येच थांबून सांगतो की त्यांच्याकडे या वस्तूला शब्द वेगळा होता. आमच्या वर्गात सुरी, चाकू, छुरी, कोयती असे चार शब्द फळ्यावर आले आणि व्याकरणाचा तास त्यातच झाला.

गोष्ट एकट्या चीनची नाही आणि एकट्या अरबस्तानचीही नाही. यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत ती शलमोन राजाच्या नावाने आहे. आपल्या देशात पाली जातककथांमध्ये ती महोसध नावाच्या शहाण्याच्या नावाने आहे. तिथे आई तळ्यावर आंघोळीला उतरते, काठावरचं बाळ एक यक्षिणी उचलते आणि आपलं म्हणून सांगते. महोसध जमिनीवर एक रेघ ओढतो, एकीला बाळाचे हात धरायला लावतो आणि दुसरीला पाय. म्हणजे रेघ आणि ओढाओढ दोन्ही इथे आहेत. बौद्ध भिक्खूंच्या पडशीतून भारतातल्या पुष्कळ कथा चीनमध्ये गेल्या, त्यांतलीच ही एक असावी असं मानतात. रेघेचं वर्तुळ कोणी केलं, हे त्या भिक्खूंनाच ठाऊक.

या ठिकाणी आमच्या नानांची बशी आठवते. नाना बोटीवर खलाशी होते. आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत एक पिढी मागे गेलं की कुणीतरी खलाशी, कुणीतरी सारंग निघतोच. हाँगकाँगला बोट लागली की शेली स्ट्रीटवरच्या मशिदीत जुम्मा पढल्याचं ते सांगत आणि तिथपर्यंतचा चढ आमच्या घाटीसारखा असल्याचंही. त्यांनी आणलेली एक निळी-पांढरी बशी अम्मीने जन्मभर जपली: पूल, पुलावरची तीन माणसं, झुकलेलं झाड, वर उडणारे दोन पक्षी. त्या चित्रामागे एका चिनी सरदाराच्या मुलीच्या प्रेमाची दर्दभरी दास्तान आहे असं नाना सांगत आणि आम्ही ती खरी चिनी म्हणून ऐकत असू. पुढे वाचनात आलं की ती नक्षी इंग्लंडातल्या कुंभारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काढली, आणि दास्तानही बशा खपाव्यात म्हणून तिकडेच जुळवली गेली. अम्मीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “असू दे. बशी आमची आहे.” आम्हालाही आता तसंच वाटतं. मात्र शाळेच्या भिंतीवर ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जा’ हे वचन हदीस म्हणून रंगवायचं ठरलं, तेव्हा आम्ही विरोध केला. मुहद्दिसांनी त्या रिवायतीला विश्वासाची मानलेली नाही. बशीचं ठीक आहे, पण हदीसच्या बाबतीत सनद पाहिलीच पाहिजे.

तर चिनी नाटक १८३२मध्ये स्तानिस्लास झ्युलियाँ या विद्वानाने फ्रेंचमध्ये नेलं. जर्मन भाषेत क्लाबुंड या टोपणनावाच्या लेखकाने १९२५मध्ये त्याचं स्वतःच्या पद्धतीने नाटक केलं. ब्रेख्तने आधी त्यावर एक कथा लिहिली आणि मग १९४४मध्ये, हिटलरमुळे देश सोडून अमेरिकेत राहत असताना, नाटक लिहिलं. त्याचा पहिला प्रयोग १९४८मध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी इंग्रजीत केला. आम्हा शिक्षकांना ही बाब विशेष वाटते. स्नेहसंमेलनाला कुठलं नाटक घ्यावं यावर आमच्याकडे पंधरा दिवस वाद चालतो.

ब्रेख्तने गोष्ट चीनमधून उचलून कॉकेशसच्या डोंगरांत नेली, आणि एक मोठी उलथापालथ केली. त्याच्या नाटकात बंड होतं, सुभेदार मारला जातो, आणि त्याची बायको पळता पळता कुठले कपडे बरोबर घ्यायचे यात इतकी गुंतते की तान्हं मूल मागेच राहतं. स्वयंपाकघरातली मोलकरीण ग्रुशा ते उचलते. बर्फातून, मोडक्या पुलावरून, शिपायांच्या तावडीतून त्याला वाचवते. मुलाला नाव मिळावं म्हणून मरणाला टेकलेल्या एका माणसाशी लग्न लावते, आणि तो मेलेला माणूस लढाई संपताच अंथरुणातून उठून बसतो! पुढे राजवट पालटते आणि सुभेदारीण मूल मागायला येते. मुलाशिवाय इस्टेट मिळत नाही. अज्दाक नावाचा एक बेवडा, लाचखाऊ, पण आतून भला न्यायाधीश खडूने रिंगण काढतो. जन्म दिलेली आई ओढते. वाढवलेली हात सोडते, दोनदा. आणि मूल वाढवलेलीला मिळतं.

म्हणजे चीनमध्ये, जातकात आणि सुलैमान (अलै.) यांच्या न्यायात प्रश्न एवढाच होता की खरी आई ओळखायची कशी. ब्रेख्तच्या नाटकात खरी आई कोण हे सगळ्यांना माहीतच आहे. प्रश्न असा, की मूल द्यायचं कोणाला?

खानोलकरांनी नेमकं हेच नाटक घ्यावं, याचं आम्हाला नवल वाटत नाही. ‘चानी’ ज्यांनी वाचली असेल त्यांना कळेल. गोऱ्या माणसापासून झालेली म्हणून गावाने दूर लोटलेली ती पोर. मूल कोणाचं, आणि ते कोणाचं हे ठरवणारे तुम्ही कोण, हा त्यांचा जुनाच सल होता. चीनहून निघालेली गोष्ट इतकी वळणं घेऊन त्यांच्या हाती आली, ती त्यांच्या मनातलीच निघाली. १९७६च्या २६ एप्रिलला ते गेले, वय अवघं ४६. ‘नक्षत्रांचे देणे’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७८मध्ये, त्यांच्या पश्चात मिळाला. त्यांच्या कवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत. या नाटकाची आठवण आमच्या जिल्ह्यात तरी कोणी फारशी काढत नाही.

आता घरातली गोष्ट.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा दीड वर्षाचा असताना आमच्याकडे आला. तिचे मियां दोहाला होते. तिला तिथेच एका दवाखान्यात तपासणीच्या खोलीत काम मिळालं. दोघांना मिळून एक खोली, ड्यूटीच्या वेळा उलटसुलट, मुलाला बघायला कोणी नाही. “आपा, सहा महिने,” असं ती म्हणाली होती. सहा महिन्यांची साडेसात वर्षं झाली. यात तिचा काही दोष आम्ही धरत नाही. आमच्या किनाऱ्यावर अशी घरं मोजायला गेलात तर हाताची बोटं पुरणार नाहीत. बाप बोटीवर किंवा आखातात, आई कधी त्याच्याबरोबर तर कधी मुंबईला, आणि पोरं नानीकडे, दादीकडे, खालाकडे, फुफूकडे वाढतात. पैसे महिन्याला येतात आणि ईदला खोकी येतात. शाळेच्या पालकसभेला आम्ही खुर्च्या मांडतो, तेव्हा अर्ध्याअधिक खुर्च्यांवर आजीच असते.

त्याचा ताप, त्याचे दात, त्याची पहिली पाटी, बिस्मिल्लाह, खळ्यात पडून फुटलेली हनुवटी आणि तिला पडलेले तीन टाके, हे सगळं आमच्या घरात झालं. आम्हा दोघांना अल्लाहने मूल दिलं नाही. हे लिहायला नको होतं कदाचित, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो आम्हाला खाला आणि खालूच म्हणतो. आम्ही कधी अम्मी-अब्बा म्हणू दिलं नाही. सूरह अहजाबचा हुकूम स्पष्ट आहे: मुलांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा. शाळेच्या दाखल्यावर, आधारकार्डावर, नमाजच्या टोपीत शिवलेल्या चिठ्ठीवरसुद्धा त्याच्या अब्बांचं नाव आहे. पण खाला या शब्दाचंही आपल्या दीनमध्ये वजन आहे. हजरत हमजा (रजि.) शहीद झाले, त्यांची लहान मुलगी मागे राहिली. पुढे तिला कोणी सांभाळायचं यावर हजरत अली, हजरत जाफर आणि हजरत जैद (रजि.) या तिघांनी हक्क सांगितला. भांडण मूल टाळण्याचं नव्हतं, मूल घेण्याचं होतं. अल्लाहच्या रसूलांनी (स.) ती मुलगी हजरत जाफर यांच्या घरी दिली, कारण त्यांच्या पत्नी तिच्या खाला होत्या, आणि खाला ही आईच्या ठिकाणी असते असं फर्मावलं. ही हदीस आम्ही लग्नाआधी कितीतरी वेळा वाचली होती. पोर घरात आल्यावर ती आमच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली असं वाटायचं.

गेल्या डिसेंबरात बहिणीचा फोन आला. मोठं घर मिळालं, मुलाचा व्हिसा मंजूर झाला. फोन स्पीकरवर होता, कारण हात पिठात होते. ती हे सांगून थांबली आणि रडायलाच लागली. “पण आपा, तो तुझ्याकडेच राहू दे. त्याला तिथून तोडून आणणं माझ्याने व्हायचं नाही. तुझं घर रिकामं करून मी काय सुख बघू?” आम्ही म्हटलं, वेडी आहेस का, तुझं मूल आहे, साडेसात वर्षं वाट पाहिलीस, घेऊन जा. ती म्हणाली नाही, आम्ही म्हटलं हो. ती म्हणाली तूच ठेव, आम्ही म्हटलं तूच ने. दहा मिनिटं हेच. फोन बंद झाला तेव्हा आम्हाला, खरं सांगतो, बरंच वाटत होतं. पावसाळ्यात वाचलेलं नाटक डोक्यात होतं. दोन्ही बाजूंनी हात सोडणाऱ्याच निघाल्या, अशी गोष्ट तर ना चीनमध्ये झाली ना कॉकेशसमध्ये.

पोरगा पडवीत बसून सायकलच्या चाकात हवा भरत होता. तो काही बोलला नाही. रात्री जेवताना त्याने माशाला हात लावला नाही, तेव्हाच शंका यायला हवी असं खालू म्हणाले. दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला:

“तुमकाय नको, अम्मीकय नको. मगे मी कोणाचो?”

वाचकहो, आम्ही वर्गात ही गोष्ट सांगतो तेव्हा मुलांना विचारतो, खरी आई कोणती? सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, हात सोडणारी! गेल्या पावसाळ्यातही ओरडला होता. फक्त एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, तिची अम्मी मुंबईला आणि ती आजीकडे, तिने हात वर केला होता. “टीचर, पोराला कोणी विचारलं का?” तिचा प्रश्न घंटेत विरून गेला होता. त्या रात्री तो परत ऐकू आला. रिंगण बाहेरून बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना हात सोडणं म्हणजे माया दिसते. आत उभ्या असलेल्याला एवढंच कळतं की धरलेला हात सुटला. ली शिंगदाओच्या नाटकात ते मूल पाच वर्षांचं आहे. ब्रेख्तच्यातही एवढंसंच. सुलैमान (अलै.) यांच्यापुढचं तर तान्हंच असावं. आमचं नऊ वर्षांचं होतं आणि त्याला स्पीकरवरचं सगळं ऐकू आलं होतं.

आम्ही दिवा लावला. काय बोलावं सुचेना म्हणून हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांची हकीकत सांगितली. लहानपणी लुटारूंनी पळवलेला मुलगा, उकाजच्या बाजारात विकला गेलेला, शेवटी मक्क्यात अल्लाहच्या रसूलांच्या (स.) घरी येऊन वाढलेला. वर्षांनी बापाला पत्ता लागला. बाप आणि चुलता खंडणीचे पैसे घेऊन मक्क्याला आले. तेव्हा पैसे घेतले गेले नाहीत आणि नकारही दिला गेला नाही. जैदना समोर बोलावलं आणि त्यांनाच विचारलं. त्यांनी राहणं पसंत केलं, आणि बापही समाधानाने परत गेला. पोराने सगळं ऐकून घेतलं. मग उठून बसला आणि म्हणाला, “मगे माका इचारा.”

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. दोहाला सुटी. व्हिडिओवर तिकडे दोघं, इकडे आम्ही दोघं आणि मध्ये तो. खालूंनी आधीच बजावलं होतं की मोठ्यांनी रडायचं नाही, आणि सर्वांत आधी तेच उठून पाणी प्यायला गेले. त्याने वहीत प्रश्न लिहून आणले होते. तिकडे समुद्र आहे का? शाळेत मराठी आहे का? रात्री ड्यूटी असली तर घरात कोण असेल? शेवटच्या प्रश्नावर बहीण बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, रात्रीची ड्यूटी सोडायला सांगितलंय, पगार थोडा कमी होईल. त्याने वहीत बरोबरची खूण केली. आम्ही कित्येक वर्षं मुलांच्या वह्या तपासतो आहोत, पण कोणाच्या तरी उत्तरावर अशी खूण होताना एवढी धास्ती कधी वाटली नव्हती.

मग त्याने आम्हाला विचारलं: “तुमका मी हवो काय नको?” हवास, म्हटलं. “आणि अम्मीक?” तिकडून हवाय, हवाय असं दोघं एकदम बोलले. “मगे कोणीच सोडू नको,” तो म्हणाला, जणू आट्यापाट्यांचा नियम सांगत होता. तो जायला तयार झाला. अटी त्याच्या. चौथीची परीक्षा इथेच. दर जुम्म्याला फोन, आणि त्यात ‘अभ्यास कर’ म्हणायचं नाही. आंब्याच्या दिवसांत परत यायचं. इथे घोटाळा झाला, कारण तिकडच्या शाळांना मोठी सुटी जुलै-ऑगस्टला असते आणि तोवर आमच्याकडचा हापूस संपलेला असतो. जुलैअखेरपर्यंत मासेमारीची बंदी, होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या. आंबे नाहीत, मासे नाहीत, होड्या नाहीत. त्याने खूप विचार केला. मग म्हणाला, पाऊस तर असेल. पाऊस असेल, म्हटलं. चालेल, म्हणाला.

बहिणीने नंतर एकटीने फोन केला. तिला भीती वाटते की तो तिला अम्मी म्हणेल, पण रात्री घाबरला की हाक खाला म्हणून मारील. आम्ही तिला सांगितलं, मारील. काही महिने मारील. तू ओ दे. नावात काय अडकलंय, असं मात्र म्हणालो नाही, कारण भाषा शिकवणाऱ्याने असं म्हणू नये.

तिकडचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, तिकीट त्यानंतरच्या आठवड्याचं आहे, शाळेला तसं कळवून ठेवलं आहे. शाळा सोडल्याचा दाखला अजून काढलेला नाही. त्याने सांगितलंय की निकाल लागल्याशिवाय काढायचा नाही. नानांची निळी बशी बरोबर न्यायची म्हणतो. ती इंग्लंडची आहे हे त्याला ठाऊक आहे, तरी तिकडच्या मुलांना तो चिनी म्हणूनच दाखवणार आहे. दोन टॉवेलांत गुंडाळून ती हातातल्या बॅगेत द्यायची असं ठरलंय. प्रगतिपुस्तकावरची शेवटची सही व्हायची आहे. पालकाच्या रकान्यात ती आम्हीच करणार आहोत. बहिणीला विचारलं, ती म्हणाली, तूच कर, आणि खाली जागा असेल तर माझ्यासाठी थोडी ठेव.